तुर्कमेन अंकगणना : वीस शब्दांत मावणारी संख्यासृष्टी

मध्य आशियातील तुर्कमेनिस्तान हा कॅस्पियन समुद्र, इराण, अफगाणिस्तान, उझबेकिस्तान आणि कझाकस्तान यांच्या मध्ये वसलेला देश. त्याच्या भूमीचा फार मोठा भाग काराकुम वाळवंटाने व्यापला आहे. या देशाची राजभाषा तुर्कमेन. इराणचा ईशान्य भाग आणि उत्तर अफगाणिस्तान येथेही ती बोलली जाते. तुर्की भाषाकुलातील ओगुझ शाखेची ही भाषा असून तुर्कस्तानची तुर्की आणि अझरबैजानी या तिच्या सख्ख्या बहिणी होत.

गेल्या शतकभरात या भाषेने बरेच काही सोसले. तिची लिपी तीन वेळा बदलली. अरबी लिपी जाऊन १९२०च्या दशकाच्या अखेरीस लॅटिन आली, १९४० मध्ये रशियन धाटणीची सिरिलिक आली आणि स्वातंत्र्यानंतर १९९३ मध्ये पुन्हा नवी लॅटिन वर्णमाला स्वीकारण्यात आली. या नव्या वर्णमालेच्या पहिल्या आराखड्यात काही अक्षरांसाठी चक्क डॉलर, येन आणि पौंड या चलनांची चिन्हे योजली होती. ती पुढे बदलण्यात आली. वार आणि महिने यांची नावे सरकारी हुकुमाने बदलली आणि काही वर्षांनी पूर्ववत झाली. चलनातील शून्ये कमी झाली. या सर्व उलथापालथीत भाषेचा एक छोटासा कप्पा मात्र जवळजवळ अबाधित राहिला. तो म्हणजे मोजणीचे शब्द. ते शिकणे सोपे आहे आणि ते असे का घडले हे समजून घेणे मराठी भाषकाला विशेष उद्बोधक ठरेल.

एक ते दहा

तुर्कमेन भाषेतील पहिले दहा अंक असे : १ – बिर, २ – इकी, ३ – उच, ४ – दोर्त, ५ – बॅश, ६ – अल्ती, ७ – येदी, ८ – सेकिझ, ९ – दोकुझ, १० – ओन. शून्याला ‘नोल’ म्हणतात. हा शब्द रशियन भाषेतून आला आहे.

तुर्की भाषाकुलाचा विस्तार किती मोठा आहे, याची कल्पना या दहा शब्दांवरून येते. इस्तंबूलमधील दुकानदार, बाकूमधील टॅक्सीचा चालक किंवा चीनच्या काश्गरमधील उइघुर फळविक्रेता यांच्या तोंडी थोड्याफार उच्चारभेदाने हेच शब्द असतात. त्यामुळे तुर्कमेन अंक पाठ करणाऱ्याच्या हाती एका भाषेबरोबर आणखी अनेक भाषांतील मोजणीची किल्ली येते.

उच्चारांतील बारकावे

देवनागरीत हे शब्द लिहिताना थोडी तडजोड करावी लागते. ‘उच’ या शब्दातील स्वर मराठी ‘उ’ नव्हे. जीभ ‘ई’साठी ठेवावी, पण ओठ ‘ऊ’सारखे गोल करावेत, म्हणजे तो स्वर साधतो. ‘दोर्त’मधील स्वरही असाच. जीभ ‘ए’च्या जागी आणि ओठ ‘ओ’सारखे. ‘अल्ती’च्या अखेरचा स्वर मराठी ‘ई’पेक्षा मागे, घशाकडे उच्चारला जातो. ‘बॅश’मधील ‘ॲ’ मात्र मराठी माणसाला ‘बॅट’ या शब्दामुळे आधीच सवयीचा आहे.

‘स’ आणि ‘झ’ ही तुर्कमेन भाषेची खास ओळख. लेखनात ही अक्षरे शेजारच्या भाषांप्रमाणेच असली, तरी उच्चाराच्या वेळी जिभेचे टोक वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये येते. त्यामुळे ‘सेकिझ’चा आरंभ ऐकताना काहीसा ‘थ’सारखा आणि शेवट ‘ध’सारखा वाटतो, मात्र दोन्ही ध्वनी घर्षणाने निघतात. इस्तंबूलच्या तुर्कीत हा प्रकार नाही. केवळ आठ हा आकडा ऐकूनही बोलणारा तुर्कमेन असल्याचे जाणकाराच्या ध्यानात येऊ शकते.

आणखी एक बाब ऱ्हस्व-दीर्घाची. तुर्कमेन भाषेत स्वराच्या लांबीने अर्थ बदलतो, पण ती लांबी बहुधा लिहून दाखवली जात नाही. ‘आत’ हा शब्द आखूड उच्चारला तर घोडा आणि लांबवला तर नाव. ‘ओत’ आखूड उच्चारला तर गवत आणि लांबवला तर आग. अंकांपैकी दोर्त, बॅश आणि ओन यांतील स्वर दीर्घ आहेत. प्राचीन तुर्कीतील ही दीर्घता बहुतेक तुर्की भाषांनी गमावली. तुर्कमेन भाषेने ती जपली, म्हणून भाषा-इतिहासाच्या अभ्यासकांना या भाषेचे मोल वाटते.

दहाचे पट

पुढचा टप्पा दशकांचा : २० – यिगरिमी, ३० – ओतुझ, ४० – किर्क, ५० – एल्ली, ६० – अल्तमिश, ७० – येतमिश, ८० – सेगसेन, ९० – तोगसान.

या आठ शब्दांत तीन थर स्पष्ट दिसतात. वीस ते पन्नास या चार शब्दांचा दोन ते पाच या अंकांशी काहीही मेळ बसत नाही. ते स्वतंत्र, अतिप्राचीन शब्द आहेत आणि पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. साठ आणि सत्तर यांत मात्र अल्ती आणि येदी यांची छाया दिसते. ऐंशी आणि नव्वद तर सरळ जोडशब्द आहेत. ‘सेकिझ ओन’, म्हणजे आठ दहा, याचे झिजून सेगसेन झाले आणि ‘दोकुझ ओन’चे तोगसान. दोकुझच्या आरंभी ‘द’ आहे आणि तोगसानच्या आरंभी जुना ‘त’ तसाच टिकला आहे, हेही लक्षात घेण्याजोगे. प्राचीन तुर्कीत नऊला ‘तोकुझ’ म्हणत.

अल्तमिश हा शब्द वाचून मराठी वाचकाला दिल्लीचा सुलतान अल्तमश आठवेल. हे साम्य फसवे आहे. त्या सुलतानाच्या नावाचे शुद्ध रूप इल्तुतमिश असून त्याचा अर्थ राज्य धारण करणारा असा होतो. साठ या संख्येशी त्याचा संबंध नाही.

जोडणीचा एकच नियम

शंभराला ‘युझ’ आणि हजाराला ‘मुङ’ म्हणतात. मुङमधील शेवटचा ध्वनी मराठी ‘अंक’ शब्दातील अनुनासिकासारखा आहे. एक ते नऊ हे नऊ शब्द, दहा ते नव्वद ही नऊ दशके, शिवाय शंभर आणि हजार, असे एकूण वीस शब्द झाले. एवढ्या भांडवलावर एकपासून ९,९९,९९९ पर्यंतची प्रत्येक संख्या उच्चारता येते.

नियम एकच आहे. मोठा घटक आधी, लहान नंतर, आणि मध्ये ‘आणि’सारखा कोणताही शब्द नाही. अकरा म्हणजे ओन बिर, एकोणीस म्हणजे ओन दोकुझ, पंचवीस म्हणजे यिगरिमी बॅश, एकोणऐंशी म्हणजे येतमिश दोकुझ. वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे उच युझ अल्तमिश बॅश. तुर्कमेनिस्तान स्वतंत्र झाला ते १९९१ साल म्हणजे मुङ दोकुझ युझ तोगसान बिर. अश्गाबादच्या गालिचा संग्रहालयात ३०१ चौरस मीटरचा हाताने विणलेला गालिचा आहे. २००३ मध्ये गिनेस विक्रमांत त्याची नोंद झाली. त्याचे क्षेत्रफळ सांगायचे तर उच युझ बिर.

लाखासाठी वेगळा शब्द नाही. एक लाख म्हणजे युझ मुङ, शंभर हजार. दहा लाखांना ‘मिलियोन’ आणि अब्जाला ‘मिलियार्द’ म्हणतात. हे दोन्ही शब्द रशियन मार्गाने आले. म्हणजे शून्य आणि अतिप्रचंड संख्या ही दोन टोके उसनी आहेत, तर मधला सगळा रोजचा व्यवहार अस्सल तुर्की शब्दांत चालतो.

आठव्या शतकातील वेगळी रीत

ही सुबक रचना प्रारंभापासून अशीच होती काय? नव्हती. मंगोलियातील ओर्खोन नदीच्या खोऱ्यात आठव्या शतकातील तुर्की शिलालेख आहेत. कुल तिगीन या राजपुत्राचा स्मृतिलेख ७३२ मधील आणि बिल्गे खागान याचा ७३५ मधील. त्यांची लिपी डेन्मार्कचे भाषापंडित विल्हेल्म थॉमसन यांनी १८९३ मध्ये उलगडली. या लेखांत अकरा ही संख्या ‘बिर येगिर्मी’, शब्दशः ‘एक वीस’ अशी येते. तिचा अर्थ एकवीस नव्हे, तर विसाच्या दिशेने निघालेल्या दशकातील पहिला. त्याच न्यायाने ‘इकी ओतुझ’, म्हणजे ‘दोन तीस’, याचा अर्थ बावीस. मोजणारा मागे पडलेल्या दशकाकडे न पाहता पुढे येणाऱ्या दशकाकडे पाहत असे.

त्याच लेखांत दुसरी रीतही डोकावते. सत्तेचाळीस ही संख्या चाळीस आणि ‘त्यावर सात’ अशा अर्थाने लिहिलेली आढळते. दोन्ही पद्धती काही काळ शेजारी नांदल्या. हळूहळू दुसरी रीत रुळली, ‘त्यावर’ हा शब्दही गळाला आणि आजचे ‘किर्क येदी’ उरले. चीनच्या गान्सू प्रांतातील पश्चिम युगुर या छोट्या भाषेने तेवढी जुनी रीत अकरा ते एकोणतीस या संख्यांसाठी जपली. अन्यत्र ती लोपली. हा बदल कोणा राजाने फर्मान काढून केला नाही. बोलणाऱ्यांच्या जिभेवर तो शतकानुशतके घडत गेला.

मराठीच्या आरशात

पुढच्या दशकाकडे पाहून मोजण्याची ही दृष्टी मराठी माणसाला परकी नाही. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस, अर्थात विसाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही सारी रूपे येणाऱ्या दशकावर नजर ठेवून घडली आहेत. फरक इतकाच की, मराठीने ही रीत दशकाच्या शेवटच्या अंकापुरती राखली, तर प्राचीन तुर्कीत ती संपूर्ण दशकाला लागू होती.

संस्कृतातील जोडशब्द प्राकृतातून झिजत मराठीत आले आणि त्यांचे सांधे बुजले. त्यामुळे बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव यांत ‘दोन’ वेगवेगळी रूपे घेतो. मराठी मुलाला शंभरपर्यंतचे शब्द जवळजवळ एकेक करून आत्मसात करावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पाठ्यपुस्तकात एकवीस, बासष्ट या रूपांबरोबर ‘वीस एक’, ‘साठ दोन’ अशी मांडणी देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. मुलांवरील भार हलका होईल, असे एका बाजूचे म्हणणे होते. भाषेचे वैभव लोपेल, अशी दुसऱ्या बाजूची भीती होती.

तुर्कमेन अंकांचा इतिहास या वादात कोणाचीही सरशी ठरवत नाही. पण तो दोन्ही पक्षांना काही सांगतो. नियमित रूपांनी मोजणारी भाषा दरिद्री ठरत नाही, हे पहिल्या गटाचे म्हणणे त्यातून खरे ठरते. आणि मोजणीची रीत पुस्तकाने बदलत नाही, ती लोकांच्या तोंडी रुळावी लागते, हेही तितकेच खरे ठरते. आज मराठी घरांतील अनेक मुले दूरध्वनी क्रमांक इंग्रजीतून सांगतात आणि एकोणऐंशी म्हणजे किती, हे त्यांना विचारावे लागते. हे पाहता प्रश्न केवळ ‘साठ दोन’ की ‘बासष्ट’ एवढाच उरलेला नाही.

व्यवहारातील उपयोग

अंकांनंतर येणारे नाम तुर्कमेन भाषेत एकवचनीच राहते. बिर आत म्हणजे एक घोडा आणि मुङ आत म्हणजे हजार घोडे. अनेकत्व संख्येनेच सांगितले गेल्यावर नामाला प्रत्यय लावण्याची गरज भाषेला वाटत नाही. लिंगभेदही नाही. मराठीत दोघे-दोघी, पहिला-पहिली-पहिले असे सांभाळावे लागते, तसे तुर्कमेन भाषेत काही नाही.

वस्तू मोजताना अंकानंतर ‘सानी’ हा शब्द येतो. मराठी व्यापारी ‘नग’ म्हणतो, तसाच त्याचा वापर. इकी सानी चोरेक म्हणजे दोन पाव. चहा मागवायचा तर बिर चॅयनेक गोक चाय, म्हणजे एक किटली हिरवा चहा. ‘किती’ला ‘नॅचे’ म्हणतात. भाव विचारण्यासाठी ‘बाहासी नॅचे?’ आणि वेळ विचारण्यासाठी ‘सागात नॅचे?’ एवढे पुरते. उत्तरात ‘मानात’ हे चलनाचे नाव ऐकू येईल. एका मानातचे शंभर तेङ्ङे होतात. १ जानेवारी २००९ रोजी जुने बॅश मुङ, म्हणजे पाच हजार मानात, देऊन एक नवा मानात मिळू लागला.

अर्ध्याला ‘यारिम’ म्हणतात. मराठीत दीड आणि अडीच हे स्वतंत्र शब्द आहेत. तुर्कमेन माणूस बिर यारिम, इकी यारिम म्हणून मोकळा होतो. अंदाजे संख्या सांगण्याची तऱ्हा मात्र थेट मराठीसारखी आहे. बॅश-अल्ती म्हणजे पाच-सहा, उच-दोर्त म्हणजे तीन-चार.

क्रमवाचक रूपांसाठी ‘इंजी’ हा प्रत्यय लागतो आणि त्यातील स्वर मूळ शब्दातील स्वरांशी जुळवून घेतो. बिरिंजी म्हणजे पहिला, इकिंजी दुसरा, उचुंजी तिसरा, दोर्दुंजी चौथा, बॅशिंजी पाचवा, ओनुंजी दहावा. दोर्तमधील ‘त’चा येथे ‘द’ होतो, एवढे ध्यानात ठेवावे.

वारांत दडलेले ओळखीचे अंक

तुर्कमेन वारांची नावे पाहिली की मराठी वाचकाला एक सुखद धक्का बसतो. येकशेनबे म्हणजे रविवार, दुशेनबे सोमवार, सिशेनबे मंगळवार, चारशेनबे बुधवार, पेनशेनबे गुरुवार. शनिवार शेनबे आणि शुक्रवार अन्ना. ही नावे फारसीतून आली. त्यांतील येक, दु, सि, चार आणि पेन हे फारसी अंक मराठी एक, दोन, तीन, चार आणि पाच यांचे दूरचे भाऊबंद होत, कारण फारसी आणि मराठी या दोन्ही भाषा इंडो-इराणी गोत्रातील आहेत. पाव भागाला तुर्कमेन भाषेत ‘चॅरयेक’ म्हणतात. त्यातही चार आणि एक लपले आहेत. म्हणजे तुर्कमेन माणूस रोजची मोजदाद तुर्की अंकांनी करतो आणि आठवडा मात्र आपल्या ओळखीच्या अंकांनी मोजतो.

२००२ मध्ये तत्कालीन अध्यक्ष सापारमुरात नियाझोव यांच्या राजवटीत ही नावे बदलण्यात आली. सोमवार ‘बाशगुन’ झाला, रविवार ‘दिंचगुन’, म्हणजे विश्रांतीचा दिवस. जानेवारी महिन्याला अध्यक्षांची स्वतःची उपाधी आणि एप्रिलला त्यांच्या आईचे नाव मिळाले. त्यांच्या निधनानंतर २००८ मध्ये जुनी नावे परत आली. या सहा वर्षांत बिर, इकी, उच यांना मात्र कोणी हात लावला नाही.

किर्क : चाळिसाचे माहात्म्य

काही अंक मोजणीपलीकडे जाऊन संस्कृतीचा भाग होतात. तुर्कमेन राष्ट्रध्वजावरील पाच तारे पाच प्रांतांचे आणि गालिच्याच्या पट्टीवरील पाच आकृतिबंध पाच प्रमुख टोळ्यांचे प्रतीक मानले जातात. त्यामुळे बॅश या अंकाला राष्ट्रीय अर्थ लाभला आहे. पण लोकमानसात खरे स्थान किर्कचे, चाळिसाचे. गोरोग्ली या महाकाव्याच्या नायकाचे साथीदार चाळीस आहेत. हे महाकाव्य गाण्याच्या कलेला २०१५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. कोयतेनदाग पर्वतातील एका गुहेचे नाव किर्क गिझ, म्हणजे चाळीस मुली, असे आहे आणि तेथे भाविक नवस बोलायला जातात.

माणूस गेल्यावरही अंकच दिवस सांभाळतात. मृत्यूनंतरच्या स्मरणदिनांना तुर्कमेन भाषेत उची, येदिसी आणि किर्की म्हणतात, म्हणजे त्याचा तिसरा, त्याचा सातवा, त्याचा चाळिसावा. मराठी घरात दहावा, बारावा आणि तेरावा म्हटले की वेगळे सांगावे लागत नाही, तसेच हे. धर्म निराळे आणि दिवसांची गणती निराळी असली, तरी दुःखाला नाव देताना दोन्ही समाजांनी अंकाचाच आधार घेतला.

हे वीस शब्द पाठ करायला नेटाने अभ्यास करणाऱ्याला एक-दोन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी एक ते दहा, दुसऱ्या दिवशी दशके, शंभर आणि हजार, आणि त्यानंतर समोर दिसेल ती संख्या, मग ती बसचा क्रमांक असो की वस्तूची किंमत, मनातल्या मनात तुर्कमेन भाषेत म्हणून पाहावी. लिपी, चलन आणि दिनदर्शिका बदलूनही हे शब्द टिकले, कारण ते रोज वापरात राहिले. बाजारात भाव करताना, गालिचा विणताना, मुलाचे वय सांगताना ते उच्चारले गेले. कोणत्याही भाषेतील अंक टिकायचे असतील, तर त्यांना एवढीच गोष्ट लागते, आणि मराठीही त्याला अपवाद नाही.